नऊ गोळ्यांचा हिशेब

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींची एक जुनी तक्रार आहे. झोपेच्या चार गोळ्या द्यायच्या तर ही डॉक्टरीण आधी कपाटाचे कुलूप काढते, गोळ्या दोनदा मोजते, लाल पुठ्ठ्याच्या वहीत नाव, पत्ता, वय, तारीख आणि शिल्लक लिहिते, मग पुन्हा कुलूप लावते आणि तेव्हा कुठे पुडी हातात ठेवते. बाहेर बाकावर वीस जण ताटकळलेले असतात. राजवाड्याजवळ राहणारे एक आजोबा तर मला तोंडावरच म्हणाले होते, ‘‘डॉक्टर, सराफसुद्धा सोन्याचा एवढा हिशेब ठेवत नाही!’’

मी हसले होते. हा हिशेब मी ज्या प्रसंगातून शिकले तो हसण्याजोगा नव्हता. आजवर तो घरच्यांखेरीज कोणाला सांगितलेला नाही. या पाक्षिकाचे वाचक बहुतांशी वयस्क आहेत किंवा घरातल्या वयस्क माणसाची शुश्रूषा करणारे आहेत, म्हणून आज सांगते.

माझे वैद्यकीय शिक्षण मिरजेच्या शासकीय महाविद्यालयात झाले. माहेर सांगलीचे, व्यवसाय साताऱ्यात. आमच्या पिढीतील बहुतेक जनरल प्रॅक्टिशनर तपासणीबरोबर औषधही स्वतःच देत असत. मीही देते. डॉक्टरने दुकान न थाटता आपल्याच रुग्णाला औषध दिले, तर कायदा त्याला औषधविक्रीचा परवाना मागत नाही. मात्र औषध परवानाधारक विक्रेत्याकडूनच घेतलेले असावे आणि खरेदीची नोंद जपलेली असावी. केमिस्टवर याहून अधिक बंधने आहेत. झोपेच्या, चिंतेवरच्या आणि तीव्र वेदनाशामक अशा अनेक गोळ्या ‘शेड्यूल एच-वन’ या यादीत येतात. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडोल ही त्यांतली तुमच्या ओळखीची नावे. त्या विकताना केमिस्टला स्वतंत्र नोंदवहीत डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षे सांभाळावी लागते. मी हीच रीत माझ्या दवाखान्यात सुरू केली, आणि तिचा मला थोडा अभिमानही होता.

२०१६ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. महिनाअखेरीस मी गोळ्या मोजत होते. अल्प्राझोलामच्या वहीत शिल्लक होती सेहेचाळीस आणि कपाटात भरल्या सदतीस. नऊ कमी. पुन्हा मोजल्या, रिकाम्या पट्ट्या चाळल्या, कपाटाखाली पाहिले. नऊ कमीच.

आमचे कंपाउंडर तेव्हा माझ्याकडे सोळा वर्षे होते. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणे. त्यांना विचारले. ते म्हणाले, ‘‘मॅडम, गर्दीत लिहायचं राहिलं असंल कुणाचं तरी. टाका की कुणाच्या नावावर. नऊ गोळ्यांनी काय होतंय?’’

आणि मी टाकल्या. नेहमी येणाऱ्या एका आजींच्या नावावर पाच, एका निवृत्त शिक्षकांच्या नावावर चार. त्या दोघांना या गोळ्या अधूनमधून दिल्या जात, त्यामुळे कोणाला शंका येण्याचे कारण नव्हते. वही जुळली. त्या रात्री मला झोपही उत्तम लागली, हे कबूल करते. आपण खोटे लिहिले असे मनात आलेच नाही. वाटले, वही नीट केली.

सुमारे दोन महिन्यांनी मामांचा पहाटे फोन आला. त्यांच्या आई रात्री उठून मोरीकडे जाताना उंबऱ्याशी पडल्या होत्या. वय एकोणऐंशी. उजव्या खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा मामा रुग्णालयाच्या जिन्यात माझ्यासमोर उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडू लागले. आईला रात्र-रात्र झोप नव्हती, ती घरभर फिरे, कोणाला झोपू देत नसे. म्हणून ते माझ्या कपाटातून गोळी नेत होते. आधी अर्धी देत, मग अख्खी. नऊ संपल्यावर पुन्हा नेल्या. तेव्हा मात्र त्यांनीच माझ्या वहीत कोणाचे तरी नाव घातले. रीत मीच दाखवून दिली होती.

‘‘मला विचारायचं तरी, मामा.’’

‘‘तुम्ही नाही म्हणाला असता, मॅडम.’’

खरे होते. मी नाहीच म्हटले असते. उतारवयात ही औषधे शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत. रात्री उठताना तोल जातो, पाय अडखळतो, कधी स्थळकाळाचे भान सुटते. झोपेच्या गोळ्यांनी वृद्धांचे पडणे वाढते, हे आम्ही विद्यार्थिदशेपासून वाचत आलो आहोत. त्या माउलीला मी तपासले असते, रात्री लघवीला किती वेळा उठता ते विचारले असते, पाय दुखतात का ते पाहिले असते. कदाचित निराळाच उपाय निघाला असता. नऊ गोळ्या कमी भरल्या त्या दिवशी मी तिथेच थांबले असते, ‘हरवल्या’ असे लिहिले असते आणि तपास केला असता, तर ही गोष्ट नवव्या गोळीवर संपली असती. ती वही म्हणजे माझ्या हातातली धोक्याची घंटा होती आणि मी तिच्यात कापूस कोंबला.

त्या आजी पुढे वॉकर घेऊन चालू लागल्या, पण पूर्वीसारख्या नाही.

दुसरा धक्का नंतर बसला आणि तो निव्वळ माझा होता. पुढच्या वर्षी त्या निवृत्त शिक्षकांना त्यांचा मुलगा अर्धवट ग्लानीत घेऊन आला. यांनी काय घेतले असेल हे पाहण्यासाठी मी सवयीने जुनी वही उघडली आणि त्यांच्या नावापुढे माझ्याच अक्षरातली नोंद दिसली, अल्प्राझोलाम, चार गोळ्या. क्षणभर मी खरेच विचार करू लागले, यांनी जुन्या गोळ्या साठवून आज एकदम घेतल्या की काय? मग आठवले, त्या चार गोळ्या मी त्यांना कधी दिल्याच नव्हत्या. माझ्याच खोट्याने मला फसवले होते. त्यांच्या रक्तातील सोडियम कमी झाले होते, ते कळायला सुदैवाने वेळ लागला नाही.

त्या संध्याकाळी मी दोन्ही खोट्या नोंदींवर एकेक सरळ रेघ मारली. व्हाइटनर लावला नाही, पान फाडले नाही. खाली लाल शाईने लिहिले, ‘नोंद असत्य. प्रत्यक्षात नऊ गोळ्या कमी भरल्या होत्या. चौकशी केली नाही.’ आजची तारीख घातली आणि सही केली. मामांनी लिहिलेल्या नोंदीही त्यांना शेजारी बसवून तशाच खोडल्या. मग अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला सारे कळवणारे पत्र लिहिले. पत्र पेटीत टाकेपर्यंत तीन दिवस गेले. एकदा वाटले, परवाना जाईल. एकदा वाटले, पेपरात नाव येईल. अधिकारी आले, त्यांनी खरेदीची बिले आणि वही समोर ठेवून बेरीज-वजाबाकी केली, किल्ली फक्त तुमच्याजवळ ठेवा म्हणाले आणि महिन्याऐवजी दर आठवड्याला मोजणी करायला सांगितले. मामा त्यानंतरही माझ्याकडेच होते, निवृत्त होईपर्यंत. यावर घरात बरेच वाद झाले. माझे मत असे, की त्यांनी गोळ्या चोरल्या हे खरे, पण त्यांना पुढची वाट मी मोकळी करून दिली.

हे सगळे पुन्हा आठवायचे कारण घडले ते ऑगस्ट २०१९ च्या महापुरात. त्या वेळी सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने सत्तावन्न फुटांची पातळी ओलांडली होती. धोक्याची पातळी पंचेचाळीस. माझ्या वर्गमित्राचा दवाखाना जुन्या वस्तीत तळमजल्यावर, तो छताला टेकेपर्यंत बुडाला. पाणी ओसरल्यावर स्वातंत्र्यदिनानंतरच्या रविवारी मी साताऱ्याहून गेले. चिखलाचा तो वास ज्यांनी घेतला आहे त्यांना सांगायला नको. तपासणीचे टेबल उलटे होऊन दाराशी आले होते. लोखंडी कपाट आडवे पडले होते, पण कुलूप शाबूत होते. आत इंजेक्शने, गोळ्यांच्या पट्ट्या आणि नोंदवही. वहीचा नुसता लगदा.

मित्र थकलेला होता. म्हणाला, ‘‘अगं, कशाला मोजत बसायचं? सगळं पुरात वाहून गेलं असं एका ओळीत लिहून देतो. तसंही मार्चपासून डायझेपामचा ताळा लागतच नव्हता, तोही यातच निघून जाईल.’’

मला मामांचा आवाज ऐकू आला. टाका की कुणाच्या तरी नावावर. या वेळी नाव कृष्णामाईचे होते, एवढाच फरक.

मी त्याला माझी गोष्ट तिथे चिखलात उभी राहून सांगितली. मग आम्ही दोघे स्टुलावर बसून पट्ट्या धुवून मोजू लागलो. एक गोष्ट मला तेव्हा प्रथम दिसली. कागदी खोके, लेबले, वही सगळे नष्ट झाले होते, पण फॉइलच्या पट्टीतल्या कित्येक गोळ्या आत कोरड्या ठणठणीत होत्या. पाणी लागलेले औषध वापरायचे नाही हे आम्हांला ठाऊक होते. पण त्याच दिवसांत सांगलीच्या रस्त्यांवर घराघरांतला कचरा डोंगरासारखा पडला होता आणि त्यात भंगार वेचणारी पोरे फिरत होती. त्या ढिगात या पट्ट्या पडल्या असत्या तर? ‘वाहून गेले’ असे लिहिलेले औषध कोणाच्या तरी हातात जिवंत असते.

आम्ही फोटो काढले. विक्रेत्याकडे बिलांच्या प्रती होत्या, त्यांवरून खरेदी काढली. जे मोजता आले ते मोजून लिहिले, जे मिळाले नाही ते ‘आढळले नाही’ म्हणून वेगळे लिहिले आणि मार्चपासूनची तूट तिसऱ्या, निराळ्या परिच्छेदात, तिच्या तारखेसह. पुराशी तिचा संबंध नाही, असे त्याने स्वतःच्या हाताने घातले. पत्राची पोच घेतली. भिजलेला साठा सीलबंद करून ठेवला आणि त्याची विल्हेवाट पुढे अधिकाऱ्यांसमोर लागली. चोरी झाली असती तर पोलीस ठाण्यातही जावे लागले असते. या सगळ्यात आमचे दीड दिवस गेले. त्या दीड दिवसात मित्राने एकदाही माझे आभार मानले नाहीत. उलट दोनदा चिडला. पण मार्चच्या त्या तुटीचा छडा त्याने दिवाळीपूर्वी लावला. काय निघाले ते सांगण्याचा अधिकार त्याचा आहे.

वाचकहो, हे डॉक्टरांचे रडगाणे तुमच्यापुढे का मांडते? कारण अशा औषधांचे कपाट आता तुमच्या घरातही आहे.

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिनसारखे स्वस्त आणि प्रभावी औषध दुसरे फारसे नाही. ते ज्या अफूपासून बनते ती आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात, सरकारी परवान्याने पिकते. तरीही १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आला तेव्हा त्यातली शिक्षा इतकी कडक आणि परवान्यांची संख्या इतकी मोठी होती, की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. नोंदीत चूक झाली तर तुरुंग, या भीतीने एक संपूर्ण पिढी वेदनेत गेली. मी इंटर्न असताना वॉर्डात ऐकलेले कण्हणे मला अजून आठवते. २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि मे २०१५ मध्ये नवे नियम आले. आता मॉर्फिन, फेंटानिल यांसारख्या औषधांसाठी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था असतात. तिथे प्रशिक्षित डॉक्टर असतो, आवक-जावक रोज लिहिली जाते, औषध सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी संस्थेवर असते आणि वर्षाचा हिशेब सरकारला द्यावा लागतो. कुलूप आणि वही यांच्या भरवशावरच ते दार पुन्हा उघडले आहे.

भीती मात्र गेलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये मेफेड्रोनचा मोठा साठा पकडला, तेव्हा आठवडाभर सगळीकडे तीच चर्चा होती. मेफेड्रोन हा नशेचा पदार्थ, त्याचा रुग्णाच्या मॉर्फिनशी काडीचा संबंध नाही. तरी एक गृहस्थ माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, ‘‘आईच्या मॉर्फिनच्या गोळ्या घरात आहेत. टाकून देऊ का? उगीच लफडं नको.’’ त्यांच्या आईला हाडांत पसरलेला कर्करोग होता. मी त्यांना सांगितले, रुग्णालयाची चिठ्ठी आणि गोळ्या एकाच डब्यात ठेवा, रोज किती दिल्या ते लिहा आणि निर्धास्त राहा.

काय लिहायचे, हे मी माझ्या काकूंकडून शिकले. सांगलीत विश्रामबागेला राहणाऱ्या माझ्या काकांना २०२२ मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. मिरजेतल्या रुग्णालयातून मॉर्फिन सुरू झाले. दहा मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी आणि रात्री दहा वाजता दोन, म्हणजे मध्यरात्री उठवावे लागू नये. दिवसाला सहा, पंधरवड्याला नव्वद. जोडीला पोट साफ राहण्याचे औषध, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच. ही मात्रा त्यांच्यासाठी ठरवलेली होती, दुसऱ्या कोणाची वेगळी असू शकते.

काकू सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी नातवाची दोनशे पानी वही घेतली आणि पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, गोळ्या किती दिल्या, किती उरल्या, दुखणे कसे आहे, कोणी दिली. गोळ्या देवघराखालच्या कुलुपाच्या कप्प्यात, किल्ली मंगळसूत्राला. रोज रात्री दिवा लावल्यावर गोळ्या ताटलीत ओतून मोजायच्या. मुलगा हसे, ‘‘आई, बँकेत कॅशियर व्हायला हवी होतीस.’’ काकू उत्तर देत नसत.

एका नोंदीशी मी थांबले. ‘पहाटे सहा. हात थरथरला. दोन गोळ्या मोरीत पडल्या, वाहून गेल्या. दोन नव्या काढल्या नाहीत, एकच काढली. चूक माझी.’ खाली सही. पंधरवडा संपण्याआधीच दोन गोळ्यांची तूट येणार हे त्यांनी स्वतः ओळखून रुग्णालयात सांगितले. तिथल्या डॉक्टरांनी ते पान पाहिले, वहीत आपली सही केली आणि पुढच्या गोळ्या एक दिवस आधी दिल्या. काकांची एकही मात्रा चुकली नाही. काकूंनी ते लपवले असते, तर शेवटच्या दिवशी काका तळमळले असते आणि काकूंना ते पाहावे लागले असते.

घरच्या वहीत ‘सांडली’, ‘ओकून पडली’, ‘सापडत नाही’ असे शब्द आले की घाबरू नका. तेच शब्द आम्हांला हवे असतात. उलटीत पडलेल्या गोळीची नोंद नसेल तर वेदना का वाढली ते आम्हांला कळत नाही आणि आम्ही मात्रा वाढवून बसतो. दर दोन दिवसांनी एक गोळी कमी भरत असेल तर घरात कोणीतरी ती घेत आहे. तो कोणी चोरच असेल असे नाही, कंबर दुखणारी सूनही असू शकते. तिला रागवू नका, दवाखान्यात घेऊन या. मॉर्फिनची सवय नसलेल्या माणसाचा, विशेषतः वृद्धाचा किंवा लहान मुलाचा, श्वास या गोळीने मंदावू शकतो. म्हणून उरलेल्या गोळ्या शेजारच्या आजींच्या गुडघ्यासाठी देण्याचा मोठेपणा कृपया करू नये. त्वचेवर लावायची फेंटानिलची पट्टी काढल्यावरही तिच्यात औषध शिल्लक असते. चिकट बाजू आत घेऊन ती दुमडा आणि लेकरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

काका गेले तो दिवस मोठ्या थंडीचा होता. दहाव्यानंतर मी सांगलीला गेले तर काकू बाहेर निघायच्या तयारीत. पिशवीत ती वही आणि गोळ्यांचा डबा. मी म्हटले, ‘‘काकू, एवढी काय घाई? मी देईन पाठवून.’’ त्या म्हणाल्या, ‘‘माझ्या सहीनं आणल्यात, माझ्याच सहीनं परत जायला हव्यात.’’

आम्ही रिक्षाने मिरजेला गेलो. खिडकीतल्या मुलीने गोळ्या ट्रेमध्ये ओतल्या आणि मोजल्या. एकोणीस. काकूंच्या वहीतही एकोणीस. तिने आपल्या नोंदवहीत लिहिले आणि काकूंच्या वहीतल्या शेवटच्या ओळीखाली ‘१९ परत मिळाल्या’ असे लिहून सही केली. काकूंनी चष्मा लावून ती ओळ वाचली. मग त्या पानावर हलकेच हात फिरवला आणि वही पिशवीत ठेवली.